पुढचं फूल आधी

मराठी शाळांत शिकलेल्या अनेकांनी फुलाचा पहिला ठसा भेंडीने मारलेला असतो. भेंडी आडवी कापायची, तिचं चिरलेलं तोंड जलरंगात बुडवायचं आणि चित्रकलेच्या वहीत टेकवायचं. पाच कोनांचं फूल उमटतं. पहिलं रंगाने थबथबलेलं, दुसरं बरं, तिसरं अर्धवट. ठसेकामाचा तास संपला की भेंडी विसरली जाते, पण फुलांच्या रबरी शिक्क्यांनी शुभेच्छापत्रं करायला बसलं की तेच प्रश्न पुन्हा समोर येतात. शिक्क्यावर रंग किती घ्यायचा, तो सगळीकडे सारखा कसा बसवायचा, दाब किती द्यायचा? त्यात आणखी एक प्रश्न वाढतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा: आधी काय आणि नंतर काय? कार्ड बहुतेक वेळा हात कच्चा असल्यामुळे बिघडत नाही, क्रम चुकल्यामुळे बिघडतं.

आधी रबराविषयी. भेंडीचं स्वतःचं पाणी रंगात मिसळतं, म्हणून तिचा ठसा पसरतो. लाकडी ठसा कडक असतो. कापडावर छपाई करणारे कारागीर टेबलावर जाड मऊ बैठक अंथरतात, ती त्यासाठीच. रबर मात्र स्वतःच दबतं. कागद दिसायला सपाट असला तरी त्याच्या पृष्ठभागावर तंतूंचे बारीक चढउतार असतात आणि रबर हलक्या दाबानेही त्यांच्यात जाऊन टेकतं. शिक्का उचलताना शाईचा पातळ थर दुभंगतो, काही भाग कागदावर जातो, काही रबरावरच राहतो. म्हणून पुन्हा शाई न लावता मारलेला दुसरा ठसा फिका येतो. त्याला फसलेला ठसा समजू नका. मागची, दूरची, अर्धवट दिसणारी फुलं दाखवायला हा फिका ठसा फार उपयोगी पडतो.

हे गुण कच्च्या रबरात नसतात. ते उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत ताठरतं. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यानंतर पंचवीसेक वर्षांच्या आत अमेरिकेत रबरी शिक्के होऊ लागले. सुरुवातीच्या काही कारागिरांनी त्यासाठी दंतवैद्यांची कवळीचं रबर तापवण्याची भांडी वापरली होती. शुभेच्छापत्राची कथाही याच काळातली. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि १८४३ मध्ये हेन्री कोलने चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्स्लीकडून नाताळचं पहिलं व्यापारी कार्ड काढून घेतलं. एका कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्या होती. पाठवायला एक पेनी आणि विकत घ्यायला बारा! शिक्का पुढे शंभराहून अधिक वर्षं कचेऱ्यांच्या आणि गोदामांच्या कामाला जुंपलेला राहिला. घरी बसून त्याने कार्ड करण्याचा छंद अमेरिकेत फोफावला तो विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत. तिथून तो जपान, युरोप आणि आपल्याकडे आला.

आज बाजारात दोन प्रकारचे शिक्के मिळतात. लाकडी ठोकळ्यावर बसवलेल्या लालसर रबराचे, आणि पारदर्शक पॉलिमरचे. पॉलिमरचा शिक्का अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर नुसता दाबला की चिकटतो. ठोकळ्यातून आरपार दिसतं, त्यामुळे फूल नेमकं कुठे पडणार ते आधीच कळतं. नवशिक्याने तोच घ्यावा. मात्र नवा शिक्का फार गुळगुळीत असतो. त्यावर शाई थेंबाथेंबांत गोळा होते आणि पाकळ्या ठिपकेदार उमटतात. अशा वेळी त्याच्या तोंडावरून खोडरबर हलकेच फिरवलं की पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि शाई सारखी बसते. मोठा शिक्का पॅडवर आपटायचा नसतो. तो उताणा धरून पॅडच त्याच्यावर हलके हलके टेकवायचं, म्हणजे शाई खोबणीत उतरत नाही. कागदाखाली माउसपॅडसारखं काही मऊ घ्यावं. शिक्का सरळ खाली टेकवावा, दाबावा आणि सरळ वर उचलावा. ठसा नीट उठावा म्हणून तो डावी-उजवीकडे डुलवायची सवय बऱ्याच जणांना असते. त्याने फुलाभोवती ठोकळ्याच्या कडांचे डाग पडतात.

परदेशी शिक्क्यांचे संच महाग असतात. पण तहसील कचेरीच्या किंवा कोर्टाच्या आसपास शिक्के करून देणारी छोटी दुकानं अजून बहुतेक गावांत आहेत. त्यांतली बरीच आता पॉलिमर वापरतात. चित्राची निगेटिव्ह द्रवरूप पॉलिमरवर ठेवून अतिनील प्रकाश सोडला जातो. प्रकाश पडेल तो भाग घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. म्हणजे आपण पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेल्या जास्वंदीचाही शिक्का तिथे होऊ शकतो. रेषा फार बारीक नकोत आणि एकमेकींना खेटून नकोत, एवढी काळजी घ्यावी. चित्र मात्र आपलंच द्यावं. दुसऱ्याच्या संचातलं फूल उचलून त्याचा शिक्का करून घेणं ही चोरी आहे. देवनागरीत ‘शुभ दीपावली’ हवं असेल तरी हीच वाट धरावी, कारण मराठी मजकुराचे तयार शिक्के क्वचितच दिसतात.

आता शाई. इथे थोडं थांबायला हवं, कारण बरीच कार्डं इथेही वाया जातात. घरात सहज सापडणारा जांभळा स्टॅम्पपॅड कार्डाला वापरू नये. त्याची शाई पावतीवर झटपट उमटावी एवढ्यासाठीच केलेली असते. तिच्यातलं जांभळं रंजक उजेडात फिकं पडतं, पाणी लागलं की पसरतं आणि मऊ कागदावर रेषेच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात.

कार्डासाठी मिळणाऱ्या शाया मुख्यतः दोन जातींच्या असतात. एकीत रंजक पूर्ण विरघळलेलं असतं. ती कागदात शिरते, लवकर सुकते आणि पारदर्शक दिसते. दुसरीत रंगद्रव्याचे न विरघळणारे बारीक कण असतात. ती कागदाच्या वर बसते, दाट दिसते, उजेडात जास्त टिकते, पण सुकायला वेळ घेते. चकचकीत कागदावर तर ती दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. दोन्हींत चांगली कुठली, हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते हे, की ठसा मारल्यावर मी फूल कशाने रंगवणार आहे?

जलरंगाने रंगवणार असाल तर रेषा पाण्याला दाद न देणारी हवी. व्हर्साफाइनसारखी तेलयुक्त रंगद्रव्याची शाई पूर्ण सुकू दिली की तिच्यावरून ओला कुंचला खुशाल फिरवता येतो. पण कॉपिकसारखे अल्कोहोलवर चालणारे मार्कर वापरणार असाल तर हिशेब बदलतो. तिथे मेमेंटोसारखी पाण्यावर आधारलेली शाई टिकते. काच किंवा प्लास्टिकवर पक्की बसणारी स्टेझॉनसारखी शाई मात्र मार्करच्या अल्कोहोलने सुटते आणि पाकळीत काळे ओघळ येतात. गंमत अशी, की मार्करखाली ठाम राहिलेली मेमेंटो पाण्याचा कुंचला लागताच पसरते. कागदावर या सगळ्या काळ्या रेषा हुबेहूब सारख्या दिसतात, फरक कळतो तो रंग भरताना. म्हणून नवा पॅड आणला की त्याच कागदाच्या तुकड्यावर एक ठसा मारून, सुकवून, त्याच्या अर्ध्या भागावर ओला कुंचला आणि अर्ध्या भागावर मार्कर फिरवून पाहावा. रंगीत पेन्सिली वापरणाऱ्यांना यातली कुठलीच चिंता नसते. सुरुवात पेन्सिलीने करावी, असं मी आग्रहाने सांगते ते त्यामुळेच.

एकच फूल छापणं सोपं. खरी मजा गुच्छात आहे, आणि इथे चित्रकाराची सवय उलटी करावी लागते. चित्रकार आधी आकाश रंगवतो, मग झाड, मग पुढची फांदी. शिक्क्याने काम करताना सर्वांत पुढे दिसणारं फूल सर्वांत आधी छापायचं. कारण शिक्का नुसत्या रेषा उमटवतो, मागचं झाकत नाही. मागच्या फुलावर पुढचं फूल छापलं तर दोघांच्या रेषा एकमेकींत गुंततात आणि कुठली पाकळी कोणाची ते कळत नाही.

समजा, दोन जास्वंदी आणि थोडी पानं हवी आहेत. पहिली जास्वंद कार्डावर छापा. त्याच शिक्क्याने दुसरा ठसा चिकट चिठ्ठीवर, म्हणजे कचेरीत निरोप लिहायला वापरतात तिच्यावर मारा. फुलाचा शक्य तेवढा भाग चिठ्ठीच्या गोंद असलेल्या पट्टीवर यायला हवा. आता हे कागदी फूल कापायचं, पण रेषेच्या बाहेरून कापायचं नाही. कात्री रेषेवरून, किंवा केसभर आतून चालवायची. बाहेरून कापलं तर पुढच्या आणि मागच्या फुलाच्या मध्ये पांढरी फट राहते. जास्वंदीच्या मधून बाहेर डोकावणारा तो लांब पुंकेसरांचा दांडाही असाच कापायचा. तो सुटला तर मागच्या फुलाची पाकळी त्याच्यावरून जाते. हे कागदी फूल छापलेल्या फुलावर नेमकं बसवा आणि दुसरी जास्वंद थोडी त्याच्यावर चढेल अशी छापा. चिठ्ठीच्या कडेपाशी कागदाच्या जाडीची पायरी तयार होते आणि तिथे रबर अधांतरी राहतं, म्हणून ठोकळ्याच्या त्या भागावर बोटाने वेगळा दाब द्यायचा. मग दुसऱ्या फुलावरही झाकण ठेवून दोघांच्या आडून पानं काढायची. शेवटी चिठ्ठ्या उचलल्या की पुढची जास्वंद अख्खी, दुसरी तिच्या मागे आणि पानं सगळ्यांच्या मागे गेलेली दिसतात. पानं मात्र त्याच झाडाची असू द्या. जास्वंदीच्या पानाची कड दातेरी असते. परदेशी संचातलं पॉपीचं पान तिला लावलं तर बागकाम करणाऱ्या माणसाला ते लगेच खटकतं.

तयार संचांमध्ये गुलाब, पॉपी, पिओनी, चेरीचा बहर यांचीच गर्दी असते. आपली रोजची फुलं पाहावीत तर मोगरा, जाई, तगर, अनंत, प्राजक्त: निम्मी पांढरी. पांढऱ्या कागदावर पांढरं फूल छापायचं कसं? करड्या रेषेने त्याची बाह्याकृती काढता येते, पण त्यात मोगऱ्याचा पांढरेपणा हरवतो. माझं मत विचाराल तर कागदच गडद घ्यावा. गर्द हिरवा किंवा गडद निळा. आणि फूल उठावदार छापावं. लग्नपत्रिकेवर बोटाला लागणारी उंच अक्षरं आपण पाहतोच. तेच तत्त्व घरी वापरता येतं. त्याला एम्बॉसिंग पावडर लागते. ही उष्णतेने वितळणाऱ्या प्लास्टिकची भुकटी असते.

इथेही सगळं क्रमावर आहे. हाताचा घाम आणि कागदावरची स्थिर वीज यांमुळे ही भुकटी नको तिथेही चिकटते. म्हणून आधी मलमलीच्या पुरचुंडीत टाल्कम पावडर बांधून ती कागदावर थोपटायची. नंतर सावकाश सुकणारी, चिकट पारदर्शक शाई लावून ठसा मारायचा. लगेच वरून पांढरी भुकटी भुरभुरायची, कागद तिरपा करून मागून टिचकी मारायची आणि उरलेली भुकटी पुन्हा बाटलीत भरायची. चुकार कण कोरड्या बारीक कुंचल्याने झटकायचे. मग गरम हवेच्या गनने तापवायचं. गन आधी हवेत तापू द्यावी आणि मगच कागदाकडे न्यावी. क्षणभर काही घडत नाही, आणि मग एका कडेपासून सुरुवात होऊन खडबडीत पांढरी भुकटी वितळत चकचकीत रेषा होत जाते. ती चमक रेषेवरून पुढे सरकताना डोळ्यांनी दिसते. संपूर्ण रेषा चमकली की थांबायचं. जास्त तापवलं तर थर कागदात मुरतो आणि उठाव बसतो. केसांचा ड्रायर इथे चालत नाही. त्याचा वारा जोरदार आणि उष्णता कमी, त्यामुळे वितळण्याआधीच भुकटी उडून जाते. गन मुलांच्या हातात देऊ नये. कोकणातल्या पावसाळ्यात हे काम टाळलेलंच बरं. दमट कागद भुकटीला सगळीकडे धरून ठेवतो आणि गरम हवा लागताच वाकतो.

आपली फुलं बाजारात नसतील तर ती कोरावीत. त्याला एक मोठं, मऊ, पांढरं खोडरबर पुरतं. जपानमध्ये खोडरबरावर शिक्के कोरण्याची हौस मोठी आहे आणि त्यावर तिथे पुस्तकंच्या पुस्तकं निघतात. तगरीचं फूल घेऊन पाहू. पाच पाकळ्या भिंगरीसारख्या एकाच दिशेला वळलेल्या. ही दिशाच अवघड जागा आहे. खोडरबरावर थेट फूल काढून कोरलं तर छापताना ते उलटं होतं आणि भिंगरी भलत्याच बाजूला फिरते. म्हणून फूल आधी बटरपेपरवर मऊ, काळ्या पेन्सिलीने काढायचं. कागद पालथा करून खोडरबरावर ठेवायचा आणि नखाने घासायचा. रबरावर उलटी आकृती येते आणि छापल्यावर ती पुन्हा सुलटी होते.

कोरताना पातं रेषेपासून बाहेर झुकवून धरायचं. म्हणजे रेषेचा उंचवटा खाली रुंद आणि वर निमुळता राहतो. पातं आत झुकलं तर रेषा खालून पोखरली जाते आणि दहाव्या-पंधराव्या ठशाला पाकळीची कड तुटून येते. वळणावर हात फिरवायचा नाही. पातं स्थिर ठेवून खोडरबर फिरवायचं, आणि दुसऱ्या हाताची बोटं कायम पात्याच्या मागे ठेवायची. प्राजक्त करायचा असेल तर मधला केशरी ठिपका शिक्क्यात कोरून टाकायचा, म्हणजे तिथे कागद कोरा राहतो. पांढऱ्या पाकळ्या उठावदार करून झाल्यावर तिथे दाट केशरी पोस्टर रंग भरायचा. ज्यांचा हात अजून थरथरतो त्यांनी ताम्हणापासून सुरुवात करावी. या आपल्या राज्यफुलाच्या सहाही पाकळ्यांच्या कडा मुळातच चुणीदार असतात. त्यांत वेडावाकडा काप शोभून दिसतो. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ताम्हण फुललेलंही असतं, त्यामुळे समोर ठेवून काढता येतं. झालेले शिक्के कागदात गुंडाळून ठेवावेत. खोडरबरातलं मऊपणा देणारं द्रव्य प्लास्टिकच्या डबीला चिकटतं आणि शिक्का डबीशी एकजीव होतो.

कागदाबद्दल एक गैरसमज फार आहे. हाताने केलेलं कार्ड म्हणून लोक ठसाही हातकागदावरच मारतात. हातकागद सुंदर असतो, यात वादच नाही. पुण्यात के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये उभी केलेली हातकागद संस्था सुती चिंध्यांपासून जो कागद बनवत आली आहे, तो हातात धरावासा वाटतो. पण त्याच्या खडबडीत पोतावर पाकळीच्या बारीक शिरा तुटक उमटतात. ठसा गुळगुळीत पांढऱ्या कार्डकागदावर घ्यावा, रंगवावा, कापावा आणि हातकागदाच्या तुकड्यावर चिकटवावा. दोघांचाही मान राहतो.

घडीचा हिशेब सोपा आहे. ए४ कागद मधून कापून दोन ए५ करायचे आणि एक ए५ मधोमध दुमडायचा. १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं आणि ते सी६ पाकिटात नीट बसतं. घडीची रेघ संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून दाबायची. दाबलेली खोबण कार्डाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी. उलट दुमडलं तर जाड कागदाची घडी भेगाळते. त्यापुढची सजावट, म्हणजे टिकल्या, मोती, रिबिनी, मी कमी करत करत जवळपास सोडून दिली आहे. नीट रंगवलेलं फूल आणि त्याच्याभोवती मोकळी जागा असेल तर कार्डाला आणखी काही लागत नाही.

टपालाने पाठवायचं असेल तर वजनही पाहायला हवं. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ३०० जीएसएमचा ए५ कागद साधारण सव्वानऊ ग्रॅम भरतो, त्यावर चिकटवलेला फुलाचा तुकडा साडेतीन-चार ग्रॅम, पाकीट चार-पाच ग्रॅम. म्हणजे मोत्यांची रांग नसतानाही आपण सीमेजवळ पोचलेलो असतो. उंच चिकटवलेल्या वस्तू शिक्के मारणाऱ्या यंत्रात चेपतात, ते वेगळंच.

आणि एक विनंती. आतला मजकूर तरी छापू नका, हाताने लिहा, आणि फूल चिकटवण्याआधी लिहा. अक्षर चुकलं तर फक्त एक दुमडलेला कागद जातो, दुपारभर रंगवलेली जास्वंद वाचते. दिवाळीसाठी करायचं असेल तर नवरात्रातच बसा. शाईला सुकायला आणि टपालाला पोचायला, दोघांनाही वेळ लागतो.